भोंगा वाजला की आधी घरात: तारापूर परिसरात अणुऊर्जा आणीबाणी आली तर काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

बोईसर-चिंचणी पट्ट्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत मी एकच प्रश्न विचारला होता: "अणुऊर्जा केंद्रातून आणीबाणीची सूचना आली, तर पहिल्या दहा मिनिटांत काय कराल?" बहुतेक जणींचं उत्तर एकच होतं. पोरांना शाळेतून उचलायचं, दुचाकी काढायची, हायवे गाठायचा. एक आजी म्हणाल्या, "आधी वलांडीवर वाळत घातलेले बोंबील काढीन, मग निघेन." हशा पिकला. पण आजींची आणि बाकीच्यांची चूक एकच होती. ज्या घडीला भिंतीआड असायला हवं, नेमक्या त्या घडीला सगळ्याजणी उघड्यावर जाणार होत्या.

लोकांना काय करायचं ते माहीत नसतं असं नाही. आयोडीनची गोळी, दारं-खिडक्या बंद, गाव सोडणं, अंघोळ, दूध टाळणं हे सगळं कानावर आलेलं असतं. चुकतो तो क्रम. बरोबर गोष्ट चुकीच्या वेळी केली की ती घातक ठरते. म्हणून खाली टप्पे दिले आहेत, ते त्याच क्रमाने वाचा आणि शक्य तर घरात मोठ्याने वाचून दाखवा. प्रकल्प असावा की नसावा हा वाद इथे नाही.

## सुरुवातीलाच: वायुगळती आणि ही आणीबाणी एक नव्हे

तारापूर एमआयडीसीमुळे आपल्याकडे लोकांना एका वेगळ्या संकटाची सवय आहे. रसायनाची गळती झाली की वास येतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. अशा वेळी ओला रुमाल नाकाला लावून वाऱ्याला आडवं, गळतीपासून लांब जाणं बहुतेक वेळा बरोबर असतं.

किरणोत्सर्गाला ना वास, ना रंग, ना चव. डोळे चुरचुरत असतील तर कारण दुसरं काही आहे. अणुकेंद्रातून काही बाहेर पडलंच, तर ते तीन वाटांनी आपल्यापर्यंत येतं. वरून जाणाऱ्या हवेच्या लोटातून येणारे किरण ही पहिली वाट. श्वासावाटे आत जाणारे बारीक कण ही दुसरी. आणि जमिनीवर, अंगावर, चाऱ्यावर, भाजीवर बसणारी धूळ ही तिसरी. जाड भिंत पहिल्या वाटेला बराच अटकाव करते, बंद खिडकी दुसरीला, आणि तिसरीला कपडे बदलणं, अंघोळ आणि खाण्यातली काळजी. पुढचा प्रत्येक टप्पा यातल्या एका वाटेवर घातलेलं कुलूप आहे.

भूकंपाचीही सवय आडवी येते. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा कित्येक कुटुंबं थंडीत उघड्यावर झोपली. हादरा थांबल्यावर बाहेर मोकळ्यावर येणं योग्यच. पण त्यानंतर अणुकेंद्राची सूचना आली, तर पुन्हा आत जायचं. स्वतःच्या घराला तडे गेले असतील तर शेजारच्या धड इमारतीत.

## टप्पा १: आज, शांत डोक्याने करायची तयारी

आपण कोणत्या पट्ट्यात येतो ते पाहा. अणुवीज केंद्राभोवती १६ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आणीबाणी नियोजन क्षेत्र म्हणून आखलेलं असतं आणि त्याचे १६ समान भाग केलेले असतात. सूचना सरसकट सगळ्यांना एकच नसते. वारा ज्या भागांकडे वाहतो आहे त्यांना एक, उरलेल्यांना दुसरी अशी येऊ शकते. घिवली, दांडी, तारापूर, चिंचणी, नवापूर, बोईसर, सातपाटी ही सगळी गावं या वर्तुळात येतात. ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात जाऊन दोन गोष्टी विचारून लिहून घ्या: आपलं गाव कोणत्या भागात येतं आणि आपलं एकत्र जमायचं ठिकाण कोणतं. ग्रामसेवकांना उत्तर देता आलं नाही, तर हाच प्रश्न ग्रामसभेत विचारा.

आसरा कुठे घेणार ते ठरवा. स्लॅबचं, विटा-सिमेंटचं घर असेल तर आतली, कमी खिडक्यांची खोली निवडा. इमारत असेल तर मधल्या मजल्यावरची, गच्चीपासून आणि जमिनीपासून लांबची. कौलारू घरात कौलांच्या फटी बुजवता येत नाहीत. अशा घरात माजघर त्यातल्या त्यात बरं, पण शेजारी स्लॅबचं घर असेल तर त्यांच्याशी आजच बोलून ठेवा. पाड्यावरच्या कुडाच्या घरांचं मात्र स्पष्ट सांगतो: कारवीच्या कुडाने किरण अडत नाहीत आणि हवाही अडत नाही. तिथल्या लोकांसाठी "घरातच थांबा" याचा अर्थ जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर किंवा जी जवळची पक्की इमारत असेल ती. तिची किल्ली कोणाकडे असते, रात्री दोन वाजता ती कोण उघडेल, हे ठरलेलं नसेल तर तयारी झालीच नाही.

एक पिशवी भरून ठेवा. सेलवर चालणारा छोटा रेडिओ, जादा सेल, टॉर्च, पॉवर बँक. रुंद चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रं, मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. रोजच्या गोळ्यांचा आठवडाभराचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक यांच्या प्रती. प्रत्येकासाठी कपड्यांचा एक जोड, चपलांसकट. माणशी रोज चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये. शिजवावं लागणार नाही असं खाणं: चिवडा, लाडू, बिस्किटं. तान्हं बाळ असेल तर दुधाच्या पावडरचा बंद डबा. हा डबा विसरू नका, त्याचं कारण शेवटच्या टप्प्यात कळेल.

शाळेशी बोला. जूनमध्ये शाळा सुरू झाली की मुख्याध्यापकांना विचारा: आणीबाणीत मुलं कोणत्या खोल्यांत ठेवणार, कोणत्या ठिकाणी नेणार, पालकांना कसं कळवणार. हे उत्तर आधी मिळालेलं असेल तरच त्या दिवशी आईवडिलांचे पाय घरात टिकतील.

> तपासा: घरातल्या १० वर्षांच्या मुलाला विचारा, "आपली खोली कुठली? पिशवी कुठे आहे? आजी एकटी असेल तर कोण येणार?" त्याला सांगता आलं तर टप्पा १ पूर्ण.

## टप्पा २: सूचना खरी कुठली, आणि ती कोणत्या पायरीची

"आणीबाणी" हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. पण त्याच्या पायऱ्या असतात. पहिली संयंत्राची आणीबाणी: जे घडलं ते यंत्रणेच्या आत आहे. दुसरी परिसराची: परिणाम केंद्राच्या कुंपणाच्या आत आहे. या दोन्हींत गावकऱ्यांनी सूचनेकडे कान ठेवण्यापलीकडे काही करायचं नसतं. गुजरातेत काकरापारच्या अणुवीज केंद्रात ११ मार्च २०१६ रोजी शीतकाची, म्हणजे अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गळती झाली आणि संयंत्राची आणीबाणी जाहीर झाली. आसपासच्या गावांना घर सोडावं लागलं नाही.

तिसरी पायरी परिसराबाहेरची आणीबाणी. आपल्यासाठी खरी हीच. तिची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात असतात. आत राहा, गोळी घ्या, गाव सोडा हे तिथून ठरतं.

सूचना अनेक वाटांनी येऊ शकते: भोंगा, पोलिसांच्या गाडीवरचा लाउडस्पीकर, ग्रामपंचायतीची दवंडी, आकाशवाणी, दूरदर्शन, आणि मोबाइलवर कर्कश आवाजासह उमटणारा सरकारी संदेश. २०२३मध्ये त्याची चाचणी झाली तेव्हा अनेकांनी घाबरून फोन बंद केले होते. या वेळी बंद करू नका, वाचा. खात्री करायची असेल तर जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७.

> सावधान: भोंगा म्हणजे "पळा" नव्हे. भोंगा म्हणजे "आत जा आणि रेडिओ लावा".

> सावधान: व्हॉट्सअॅपवर आलेला आवाजी संदेश, तो कितीही ओळखीच्या माणसाने पाठवलेला असो, पुढे ढकलू नका. अशा वेळी फोनची लाइन मोकळी राहणं हीसुद्धा मदतच.

सरावाच्या दिवशीही भोंगा वाजतो. परिसराबाहेरच्या आणीबाणीची रंगीत तालीम साधारण दोन वर्षांतून एकदा होते. त्या दिवशी गच्चीवरून गंमत बघत न बसता खरोखर आत जाऊन दार लावून पाहा. किती वेळ लागला ते मोजा. माझ्या ओळखीच्या एका घरात पहिल्यांदा २२ मिनिटं लागली, कारण माडीची खिडकी गंजून अडकली होती.

## टप्पा ३: पहिली १५ मिनिटं

१. बाहेर असाल तर जवळच्या पक्क्या इमारतीत शिरा. ती तुमचीच असायला हवी असं नाही. दुकान, बँक, देऊळ, स्टेशनची इमारत, काहीही चालेल. वाटेत नाकातोंडावर रुमालाची किंवा पदराची घडी धरा.

२. आत शिरताना चपला उंबऱ्याबाहेर. लोट येऊन गेल्याची शंका असेल तर वरचे कपडे दारातच उतरवून पिशवीत घाला आणि तोंड बांधा. हात, तोंड, मान साबणाने धुवा.

३. दारं, खिडक्या, झरोके बंद. एक्झॉस्ट पंखा बंद. कूलर बंद, कारण तो बाहेरचीच हवा आत फेकतो. बाहेरची हवा ओढणारा एसी बंद. छताचा पंखा चालेल.

४. दाराखालच्या फटीत ओलं फडकं, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी किंवा कागद.

५. पिण्याचं पाणी, शिजलेलं अन्न, पिठाचे डबे झाका. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं असेल आणि सूचनेत लोट अजून आलेला नाही असं सांगितलं असेल, तरच वर जा.

६. रेडिओ लावा. मग बसा.

यात सगळ्यात अवघड शेवटचं. आणि त्याहून अवघड म्हणजे शाळेतल्या मुलांना आणायला न जाणं. सहा वर्षांचं पोर दोन किलोमीटरवर असताना आईने हात जोडून बसावं हे सांगायला मलाही जड जातं. पण हिशेब असा आहे: शाळेची पक्की इमारत त्याला जो आडोसा देते, तो दुचाकीवर तुमच्या कुशीत मिळत नाही. तुम्ही निघालात तर तुम्ही आणि मूल दोघंही उघड्यावर येता, आणि शाळेने मुलांना बसने हलवलं असेल तर तुमची चुकामूक होते. शाळेत हजार पालक एकाच वेळी पोहोचले तर बसलाही वाट मिळत नाही.

आजींच्या बोंबलांचंही इथेच सांगतो. वलांडीवरची मासळी, गच्चीवरचे पापड-कुरडया, दोरीवरचे कपडे: जे बाहेर राहिलं ते राहू द्या. नंतर तपासल्याशिवाय खायचं-वापरायचं नाही, एवढंच. गुरं मात्र शक्य असेल तर सूचना आल्याबरोबर गोठ्यात घ्या, झाकलेला पेंढा आणि झाकलेलं पाणी द्या. लोट येऊन गेल्याचं सांगितलं असेल तर त्यांच्यासाठीही बाहेर पडू नका.

समुद्रात गेलेल्या बोटींनी सवयीने आपल्याच बंदराकडे तोंड वळवू नये. वायरलेसवर किंवा फोनवर विचारून सांगितलेल्या बंदरात लागावं.

> सावधान: फटी बुजवलेल्या खोलीत चूल, शेगडी, कोळसा पेटवू नका. किरणोत्सर्ग दूर राहील आणि धुराने गुदमरून जीव जाईल. गॅसही जेवढ्यास तेवढाच, स्वयंपाकघरात, आणि लगेच बंद.

## टप्पा ४: आत थांबणं

सामान्य घरात बंद राहणं हा काही तासांचा, फार तर एक-दोन दिवसांचा उपाय आहे. बंद घरातही हवा हळूहळू झिरपते. म्हणून लोट निघून गेल्यावर दारं-खिडक्या उघडून घर मोकळं करायचं असतं. पण ते कधी, हे नाकाने किंवा डोळ्यांनी कळत नाही. सूचना येईपर्यंत थांबावं लागतं. इथे दोन प्रकारची माणसं चुकतात. तीन तासांनी कंटाळून "काही नाही होत" म्हणत ओट्यावर येऊन बसणारी, आणि मोकळं करा असं सांगितल्यावरही चार दिवस कोंडून घेणारी.

वाऱ्याची दिशा बघून स्वतःच अंदाज बांधू नका. आपल्या किनाऱ्यावर दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. सकाळी दहाला जे खरं, ते रात्री दहाला खोटं. पावसाळ्यात आणखी एक भर पडते: पाऊस हवेतले कण खाली आणून टाकतो. त्या पावसात भिजू नका, पागोळीचं पाणी भरू नका, मुलांना अंगणात सोडू नका.

साठवलेलं, झाकलेलं पाणी प्या. "उकळून प्या" हा सल्ला आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे, पण तो जंतूंसाठी. उकळल्याने किरणोत्सारी पदार्थ नष्ट होत नाहीत. उलट पाणी आटतं आणि ते पदार्थ त्यात तेवढेच उरतात.

## टप्पा ५: आयोडीनची गोळी

सगळ्यात जास्त गैरसमज या गोळीबद्दल आहेत, म्हणून इथे थोडं थांबू.

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. ते साधं आहे की किरणोत्सारी, हा भेद तिला कळत नाही. अपघातात किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडण्याची शक्यता असते. त्याआधी साध्या आयोडीनने ग्रंथी भरून टाकली, तर मागाहून येणाऱ्याला जागा उरत नाही. गोळी एवढंच करते. बाकी शरीराचं, इतर किरणोत्सारी पदार्थांपासून, ती काहीही रक्षण करत नाही. ती किरणांवरचा उतारा नाही.

वेळ. ती लोट येण्याआधीच्या २४ तासांत किंवा आल्यानंतर दोन तासांच्या आत घेतली तर सर्वांत उपयोगी. आठ तासांपर्यंत घेतली तरी थोडा उपयोग होतो. संपर्क होऊन २४ तास उलटून गेल्यावर घेतली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त, कारण आत गेलेलं वाईट आयोडीन ती ग्रंथीत अडकवून ठेवते. म्हणून "घरात आहे तर घेऊन टाकू" हे चूक आणि "बघू उद्या" हेही चूक. प्रशासनाने घ्या म्हटलं की घ्यायची.

मात्रा. पोटॅशियम आयोडाइडची १३० मिलिग्रॅमची गोळी गृहीत धरून: १२ वर्षांवरील सर्वांना एक, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धी, एक महिना ते ३ वर्षांपर्यंत पाव, एक महिन्याच्या आतल्या बाळाला एक अष्टमांश. लहानग्यांना कुटून साखरपाण्यातून किंवा फळाच्या रसातून द्या. वाटप झालेल्या गोळीची ताकद वेगळी असू शकते, म्हणून आशाताईंनी किंवा आरोग्य सेवकांनी सांगितलेलं आणि पाकिटावर छापलेलं प्रमाण धरा. साधारणपणे एकच मात्रा पुरते. गरोदर बाई आणि नवजात बाळाला तर पुन्हा द्यायचीच नसते.

आधी कोणाला. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया. गोळ्या कमी पडल्या तर रांगेत यांनाच पुढे करा. चाळिशीपुढच्यांना धोका कमी आणि फायदाही कमी. आजोबांनी नातवाची गोळी घेऊ नये, एवढं साधं गणित. आयोडीनची अॅलर्जी किंवा थायरॉइडचा आजार असेल तर गोळी घेण्याआधी आरोग्य सेवकाला सांगा.

नेहमी होणाऱ्या चार चुका:

- *थायरॉइडची रोजची गोळी घेणं.* ते संप्रेरक आहे, आयोडीन नव्हे. शेजारणीच्या थायरॉइडच्या गोळ्या घरभर वाटल्या तर संरक्षण शून्य आणि धडधड मोफत.
- *मीठ खाणं.* आपल्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन अपेक्षित असतं. एका गोळीतलं सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन मिळवायला साडेसहा किलोहून जास्त मीठ खावं लागेल.
- *जखमेवर लावायचं आयोडीन गळ्याला चोपडणं.* जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर २०११मध्ये असे एसएमएस आशियाभर फिरले. त्वचेतून पुरेसं काही आत जात नाही, आणि ते पोटात घेणं तर विषारी.
- *गोळी घेतली, आता बाहेर पडायला हरकत नाही असं समजणं.* गोळी घेतल्यानंतरही तुम्ही घरातच असता.

नीट, वेळेवर वाटप झालं तर किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं याचं उदाहरण पोलंडचं आहे. १९८६मध्ये चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर तिथे सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना आयोडीन दिलं गेलं आणि गंभीर त्रास फारच थोड्यांना झाला.

> तपासा: गोळी कोणी, किती, किती वाजता घेतली हे कागदावर लिहा. गोंधळात आई एकदा आणि आजी एकदा असं एकाच मुलाला दोनदा दिलं जाऊ शकतं.

## टप्पा ६: गाव सोडायची सूचना आली तर

आधी तीन जुन्या गोष्टी, कारण त्यांतून हा टप्पा नीट कळतो.

अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात मार्च १९७९मध्ये अपघात झाला. दोन दिवसांनी फक्त पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायांना आणि शाळेआधीच्या वयाच्या मुलांना जाण्याचा सल्ला दिला गेला. निघाले सुमारे १ लाख ४४ हजार लोक.

फुकुशिमात ११ मार्च २०११च्या रात्री ९.२३ला ३ किलोमीटरपर्यंतच्या लोकांना निघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ५.४४ला हद्द १० किलोमीटर झाली, संध्याकाळी ६.२५ला २० किलोमीटर. नामिए गावचे बरेच लोक वायव्येला त्सुशिमा भागात जाऊन थांबले, आणि लोट नेमका त्याच दिशेला गेला. वाऱ्याचे अंदाज त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. तिकडेच ओकुमातल्या एका रुग्णालयातले आणि त्याला जोडलेल्या वृद्धाश्रमातले ४०हून अधिक जण घाईगर्दीच्या हलवाहलवीत दगावले. त्यांना किरणांनी मारलं नाही. तासन्‌तासांचा बसप्रवास, थंडी आणि औषधपाण्याची आबाळ यांनी मारलं.

या गोष्टींचा अर्थ "गाव सोडू नका" असा नाही. सांगितल्यावर सोडायचंच. पण सांगितल्यावर, सांगितलेल्या वाटेने, सांगितलेल्या ठिकाणी. बोईसर-चिल्हार रस्ता रोजच्या संध्याकाळीही कसा तुंबतो ते आपण बघतो. ज्यांना निघायला सांगितलंच नाही ते त्यावर आधी उतरले, तर ज्यांना खरोखर निघायचं आहे ते लोटाखाली अडकून पडतील.

निघताना हा क्रम:

१. पिशवी घ्या. अंगभर कपडे, डोक्याला रुमाल, नाकातोंडावर मास्क किंवा घडी.

२. गॅस, वीज, नळ बंद. दाराला कुलूप. घर रिकामं झाल्याची खूण ठरली असेल (अनेक ठिकाणी दाराला पांढरं फडकं बांधतात) तर ती करा, म्हणजे पोलिसांना पुन्हा दार ठोठवावं लागत नाही.

३. जमायच्या ठिकाणी जा आणि नाव नोंदवा. स्वतःच्या गाडीने जायची मुभा दिली असेल तर काचा बंद, आणि बाहेरची हवा आत घेणारी कळ बंद.

४. अंथरुणाला खिळलेलं, ऑक्सिजनवरचं, डायलिसिसवरचं माणूस घरात असेल तर त्याला रिक्षात कोंबू नका. १०८ला किंवा गावातल्या पथकाला कळवा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत आत थांबा. तुमच्याबरोबर त्याची औषधं आणि कागद हवेतच.

५. गुरांना सोडा किंवा गोठ्यात पुरेसा चारा-पाणी ठेवा, जसं सांगितलं असेल तसं. घराची राखण करायला एकाने मागे राहायचं नाही. अनेक घरांत आजोबा मागे राहतात आणि मग त्यांच्यासाठी मुलगा परत फिरतो.

> सावधान: नाव नोंदवल्याशिवाय नातेवाइकांकडे वसई-विरारला निघून जाऊ नका. नोंद नसलेल्या माणसाला शोधायला पथक उगाच धोक्यात शिरतं, आणि तुमची तपासणी राहते ती वेगळीच.

## टप्पा ७: तपासणी आणि अंघोळ

निवारा केंद्रावर हातातल्या मापकाने डोक्यापासून तळव्यापर्यंत तपासतात. दुखत नाही, काही टोचत नाही. धूळ आढळली तर घाबरू नका. वरचे कपडे उतरवले की अंगावरची ९० टक्क्यांपर्यंत धूळ त्यांच्याबरोबर जाते.

कपडे झटकू नका. शर्ट डोक्यावरून ओढून काढण्याऐवजी पुढून बटणं काढून किंवा कापून काढा, म्हणजे धूळ नाकातोंडात जात नाही. पिशवीत घालून तोंड बांधा आणि सांगतील तिथे ठेवा.

अंघोळ कोमट पाण्याने, साबणाने, डोक्यापासून खाली. केस पुढे वाकून धुवा, पाणी डोळ्यांत-तोंडात जाऊ देऊ नका. शाम्पू चालेल, कंडिशनर आणि तेल नको, त्याने कण केसांना चिकटून बसतात. वजरी, घासणी, उटणं यांना हात लावू नका. कातडी खरवडली की धुळीला आत जायला दारच मिळतं. नखांखाली, कानामागे, नाकात नीट स्वच्छ करा. जखम असेल तर ती आधी धुऊन झाका. टबात किंवा तळ्यात बसून अंघोळ नको, वाहतं पाणी हवं.

कोणी गंभीर जखमी असेल तर आधी रक्तस्राव थांबवा, श्वास बघा, मग धुळीचं पाहू. आणि किरणोत्सर्ग म्हणजे गोवर नव्हे. कपडे बदलून अंघोळ केलेल्या माणसाशेजारी बसल्याने काही होत नाही. लग्नाच्या मुलींना "तारापूरची" म्हणून नकार मिळू नयेत असं वाटत असेल, तर हे वाक्य निवाऱ्यात मोठ्याने बोला.

## टप्पा ८: दूध, भाजी, मासळी

लोट निघून गेला, पेपरात बातमी मागच्या पानावर गेली, की लोक सैल पडतात. चेर्नोबिलमध्ये खरा घात इथेच झाला. किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसलं, गाईंनी ते खाल्लं, दुधात उतरलं, आणि ते दूध मुलं पीत राहिली. पुढे तिथल्या भागांत मुलांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे हजारो रुग्ण आढळले. त्याचं मोठं कारण हेच दूध.

म्हणून प्रशासन मोकळीक देईपर्यंत गावातलं ताजं दूध बंद. पिशवीचं दूध कुठून आलं आहे ते पाहा. बाळांना पावडरचं दूध, आधी साठवलेल्या पाण्यात कालवून. अंगावरचं दूध पाजणाऱ्या आईने आरोग्य सेवकाला विचारावं.

पालेभाज्या सगळ्यांत आधी टाळायच्या, कारण पान म्हणजे धूळ झेलायचा पसरट तळहात. उघड्या विहिरीचं पाणी, पागोळीचं पाणी नको. बंद डब्यातलं, सीलबंद पाकिटातलं चालेल. पाकीट उघडण्याआधी ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. झाडावरचे चिकू, वाळत घातलेले बोंबील, खाडीतली मासळी हे सगळं नमुने तपासून "विका, खा" असं सांगितल्यावरच. बाजारात स्वस्तात आलं म्हणून घेऊ नका, आणि आपलं नुकसान होतंय म्हणून दुसऱ्याला विकू नका. पंचनामा होईपर्यंत माल तसाच ठेवा, फोटो काढा, नुकसानभरपाईसाठी तोच पुरावा.

किती दिवस? किरणोत्सारी आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. ८० दिवसांत ते सुमारे हजारावा भाग उरतं. सीझियम या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाचं मात्र तसं नाही. त्याला निम्मं व्हायला सुमारे ३० वर्षं लागतात. म्हणून एखादं शिवार दोन-तीन महिन्यांत मोकळं होऊ शकतं आणि शेजारचं बराच काळ बंद राहू शकतं. दोन्ही जागी मोजूनच ठरतं.

घरी परतायची परवानगी मिळाली की पहिल्या दिवशी झाडू हातात घेऊ नका. केरसुणीने धूळ उडते. ओल्या फडक्याने, वरून खाली, पुसून घ्या. फडकी सांगितलेल्या पिशवीत टाका. अंथरुणं-पांघरुणं धुवा. टाकीतलं जुनं पाणी सोडून द्या, टाकी धुऊन भरा. वलांडीवर जे राहिलं होतं ते हातमोजे घालून पिशवीत भरा आणि पंचनामा करणाऱ्यांच्या हवाली करा.